नागपूर दरवर्षी जिची काळी मारबत जाळतं, ती बाकाबाई नेमकी कोण होती?

जपानी ॲनिमे बघणाऱ्यांना योकाई हा शब्द नवीन नाही. योकाई म्हणजे जपानी लोककथांमधली भुतंखेतं, आत्मे, विचित्र प्राणी. गंमत अशी की ती फक्त स्मशानात राहत नाहीत. कुणी जुन्या छत्रीत राहतं, कुणी नदीत, तर कुणी शाळेच्या वाटेवर भेटतं. गेगेगे नो कितारो, नात्सुमेज बुक ऑफ फ्रेंड्स, स्पिरिटेड अवे, सगळीकडे हाच मामला. भूत दिसलं म्हणून कुणी बेशुद्ध पडत नाही. त्याच्याशी बोलायचं, भांडायचं, जमलं तर खाऊ घालायचं आणि संध्याकाळी घरी जायचं.

जपानी लोककथांमध्ये ह्याकी याग्यो नावाची एक मिरवणूकही आहे. शंभर भुतांची रात्रीची वरात. तोरियामा सेकिएन नावाच्या चित्रकाराने १७७६ साली याच नावाचं सचित्र पुस्तक काढलं. आजच्या ॲनिमेतल्या कित्येक योकाईंचे चेहरेमोहरे त्याच्या चित्रांपर्यंत मागे जातात.

आता तुम्ही म्हणाल, जपानचं ठीक आहे, आपल्याकडे असं काही आहे का?

आहे. आणि ते रात्री नाही, भरदिवसा निघतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या इतवारी, महाल, बुधवारी भागात जा. बांबू आणि कागदाची अवाढव्य राक्षसीण रस्त्यावरून चाललेली दिसेल. एक काळी, एक पिवळी. त्यांच्या मागेपुढे बडगे. म्हणजे महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, डेंग्यूचा बडग्या, खड्ड्यांचा बडग्या. वर्षभरात ज्याने ज्याने डोकं खाल्लं, त्याचा पुतळा. ढोलताशे, आरडाओरडा, हसणं, शिव्या. सगळी रोगराई, सगळी पीडा घेऊन जा, असं मारबतीला बजावलं जातं आणि शेवटी तिला आग लावली जाते.

यातली पिवळी मारबत रक्षण करणारी. आया आपली लेकरं घेऊन तिच्या दर्शनाला येतात. काळी मारबत मात्र वाईटाची. काहीजण तिला पूतना म्हणतात. पण नागपूरच्या जुन्या माणसाला विचारलंत तर तो दुसरंच नाव सांगेल.

बाकाबाई. काही जण बांकाबाईही म्हणतात.

म्हणजे ही राक्षसीण कधीकाळी जिवंत बाई होती. नागपूरची राणी होती. तिने इंग्रजांशी हातमिळवणी केली, म्हणून लोकांनी तिचा पुतळा जाळला, अशी गोष्ट सांगितली जाते. दर वर्षी बातम्यांमध्ये ही एक ओळ येते आणि विषय संपतो.

पण एका ओळीत संपावं इतकं छोटं हे आयुष्य नव्हतं.

राणी कुठल्या घरची?

नागपूरकर भोसले हे मराठेशाहीतलं बलाढ्य घराणं. पहिल्या रघुजींनी अठराव्या शतकात नागपूर ताब्यात घेतलं आणि तिथून थेट बंगालपर्यंत धडक मारली. पुढे दुसरे रघुजी गादीवर आले. १७८८ पासून पुढची २८ वर्षं नागपूरचा कारभार त्यांच्या हातात होता. बाकाबाई या दुसऱ्या रघुजींच्या पत्नी. राजाच्या अनेक राण्यांपैकी एक, पण त्याच्या सगळ्यात मर्जीतल्या.

रघुजींच्या काळात नागपूरने सुखाचे दिवस पाहिले आणि मोठी पडझडही पाहिली. १८०३ साली दुसरं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं. शिंदे आणि भोसले एकत्र उभे राहिले. सप्टेंबरमध्ये असईला पराभव झाला, नोव्हेंबरमध्ये अकोल्याजवळच्या अडगावला, डिसेंबरमध्ये गाविलगड पडला. १७ डिसेंबर १८०३ ला देवगावचा तह झाला आणि कटकचा प्रांत, वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड असा मोठा मुलूख हातातून गेला. त्यानंतर नागपुरात इंग्रजांचा रेसिडेंट येऊन बसला. पहिला होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, त्याच्यानंतर आला रिचर्ड जेंकिन्स. हा जेंकिन्स बाकाबाईंच्या आयुष्यात पुढे बराच काळ राहणार होता.

एक गोष्ट इथेच ध्यानात ठेवा. बाकाबाईंचा नवरा इंग्रजांशी लढला होता. याचं काम पुढे पडणार आहे.

आणखी एक गंमत. लहान मुलं लाकडी बैल सजवून मिरवतात तो तान्हा पोळा दुसऱ्या रघुजींनी सुरू केला असं नागपुरात सांगितलं जातं. हा तान्हा पोळाही पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी असतो. म्हणजे ज्या दिवशी नवऱ्याच्या नावाने मुलांना खाऊ मिळतो, त्याच दिवशी बायकोच्या नावाने पुतळा जळतो.

१८१६: नवरा गेला आणि खेळ सुरू झाला

२२ मार्च १८१६ ला दुसरे रघुजी वारले. मागे मुलगा होता, परसोजी. पण परसोजी शरीराने आणि मनाने इतका दुबळा की राज्य चालवणं त्याला शक्य नव्हतं. गादी एकाची आणि कारभार दुसऱ्याचा, हे उघड होतं. प्रश्न एवढाच होता की तो दुसरा कोण?

एका बाजूला बाकाबाई आणि राजवाड्याचा, खजिन्याचा ताबा असलेला धर्माजी भोसले. दुसऱ्या बाजूला रघुजींचा पुतण्या, मुधोजी उर्फ अप्पासाहेब. सुरुवातीला परसोजीचा ताबा बाकाबाईंच्या गटाकडे होता. पण अप्पासाहेब वेगवान निघाले. त्यांनी धर्माजीला कैद केलं आणि राज्याचा कारभार आपल्याकडे घेतला. बाकाबाईंचा पहिला डाव इथेच संपला.

पण नुसता कारभार मिळून भागणार नव्हतं. राजवाड्यात विरोधक होते, दरबारात विरोधक होते. अप्पासाहेबांना पाठीशी ताकद हवी होती आणि ती देणारा एकच माणूस नागपुरात बसलेला होता. मे १८१६ मध्ये अप्पासाहेबांच्या माणसांनी जेंकिन्सबरोबर तैनाती फौजेचा तह केला. दुसऱ्या रघुजींनी हयातभर जो तह टाळला होता, तो त्यांच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांत झाला.

इथे थांबून पुन्हा वाचा. नागपूरच्या दारात इंग्रजी फौज आणणारा तह बाकाबाईंनी केला नाही. तो त्यांच्या विरोधी गटाने, त्यांना बाजूला सारल्यावर केला.

१ फेब्रुवारी १८१७ च्या सकाळी परसोजी अंथरुणात मृत सापडले. अप्पासाहेब तेव्हा चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला गेले होते. हा मृत्यू नैसर्गिक नव्हता, गळा आवळून खून झाला, असं पुढे इंग्रजांनी म्हटलं आणि त्याचा ठपका अप्पासाहेबांवर ठेवला. परसोजीनंतर अप्पासाहेबच गादीवर बसले.

सीताबर्डीची एक रात्र

गादीवर आल्यावर अप्पासाहेबांना तहाचा जाच जाणवायला लागला. पुण्याला दुसरे बाजीराव पेशवे इंग्रजांविरुद्ध उठले होते. नोव्हेंबर १८१७ मध्ये अप्पासाहेबांनी त्यांची बाजू घेतली.

२६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई सुरू झाली. भोसल्यांचं सैन्य इंग्रजांपेक्षा कितीतरी मोठं होतं. रात्रभर तोफा चालल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निकाल लागला. इंग्रज टिकले. डिसेंबरमध्ये त्यांना कुमक मिळाली, १६ डिसेंबरला नागपूरजवळ पुन्हा लढाई झाली आणि अप्पासाहेब रेसिडेन्सीत हजर झाले. शहरात राजवाड्याच्या आश्रयाने अरब शिपाई डिसेंबर संपेपर्यंत झुंजत राहिले.

बाकाबाईंनी हे सगळं आतून पाहिलं. आपल्या शहरावर तोफगोळे पडताना पाहिले.

१८१८ च्या मार्चमध्ये अप्पासाहेबांना अटक झाली. मे महिन्यात त्यांना अलाहाबादकडे नेत असताना ते शिपायाच्या वेशात निसटले, महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला गेले. पुढे असीरगड, उत्तर भारत असं करत ते जोधपूरला पोहोचले आणि १८४० मध्ये तिथेच वारले. नागपुरात परतणं त्यांच्या नशिबी नव्हतं.

दहा वर्षांचा राजा

आता नागपूरची गादी रिकामी होती. इंग्रजांना हवं असतं तर राज्य तेव्हाच खालसा झालं असतं. पेशवाई त्यांनी १८१८ मध्येच बुडवली होती. पण नागपूरबाबत तसं झालं नाही. दुसऱ्या रघुजींच्या मुलीचा मुलगा, गुजर घराण्यातला दहाएक वर्षांचा बाजीबा, दत्तक घेऊन गादीवर बसवला गेला. हेच तिसरे रघुजी.

आणि मुलाच्या देखभालीची, राजप्रतिनिधीपदाची जबाबदारी आली बाकाबाईंकडे.

आता यात खरी सत्ता किती होती? फार नाही. राज्याचा कारभार जेंकिन्स आपल्या अधिकाऱ्यांमार्फत चालवत होता. महसूल, न्याय, पोलीस, सगळं त्याच्या देखरेखीखाली. नर्मदेच्या खोऱ्यातला मुलूख आणि वऱ्हाडचा उरलेला भागही गेला होता. बाकाबाईंच्या हातात होता वाडा, मानमरातब आणि एक लहान मुलगा.

पण याच मुलामुळे नागपूरचं राज्य नकाशावर शिल्लक होतं. हा मुलगा मोठा व्हायला हवा, त्याने इंग्रजांचं बिघडवता कामा नये, म्हणजे एक दिवस कारभार परत मिळेल. बाकाबाईंच्या पुढच्या सगळ्या वागण्याचं गणित इथून सुरू होतं. आणि हे गणित काही काळ बरोबर आलं. १८२६ मध्ये नवा तह झाला, हळूहळू कारभार तिसऱ्या रघुजींकडे आला आणि १८३० पर्यंत राज्य पुन्हा भोसल्यांच्या हातात होतं.

म्हणजे लढून जे गेलं, ते थांबून मिळालं. निदान राजवाड्यातून तरी तसंच दिसत होतं.

३५ वर्षांनी गणित चुकलं

११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघुजी वारले. मुलगा नव्हता. दत्तकही घेतलेला नव्हता.

तेव्हा गव्हर्नर जनरल होता डलहौसी. सातारा, झाशी या नावांबरोबर त्याचं नाव आपण शाळेतच वाचलेलं असतं. औरस वारस नसेल तर संस्थान खालसा, हे त्याचं धोरण. राजघराण्याने नात्यातला यशवंतराव हा मुलगा पुढे केला. नागपूरच्या रेसिडेंटने, मॅन्सेलने, राज्य राखावं अशा बाजूने मत दिलं. डलहौसीच्या स्वतःच्या कौन्सिलमध्ये कर्नल लो यांनी खालसा करण्याला विरोध नोंदवला. उपयोग झाला नाही.

डलहौसीने जी कारणं लिहिली, त्यात एक कारण आज वाचताना डोळ्यात भरतं. कापूस. इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस हवा होता आणि नागपूर-वऱ्हाडच्या काळ्या मातीत तो पिकत होता. मार्च १८५४ मध्ये नागपूरचं राज्य कंपनीत विलीन झालं.

पण अपमान अजून बाकी होता.

राज्य घेतलं ते घेतलं, इंग्रजांनी घराण्याची मालमत्ताही ताब्यात घेतली. भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात उभे केले गेले आणि कवडीमोलाने विकले गेले. दागिने कलकत्त्याच्या बाजारात गेले. वाड्यातलं सामानसुमान हलवायची वेळ आली, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या बाकाबाई संतापल्या. सामान हलवायचा प्रयत्न झाला तर वाडाच पेटवून देईन, अशी धमकी त्यांनी दिल्याचं इंग्रज इतिहासकार के याने नोंदवलं आहे. राज्य घेतल्यापेक्षाही या लिलावाने लोकांची मनं जास्त दुखावली, असंही त्याने ऐकलेलं लिहून ठेवलं.

विकून आलेल्या पैशातून भोसला फंड नावाचा निधी उभा राहिला आणि तो घराण्याच्या सोयीसाठी वापरायचं ठरलं. म्हणजे घरातले दागिने विकायचे आणि त्याच पैशातून घरच्यांना सांभाळायचं.

राण्या गप्प बसल्या नाहीत. त्यांनी अर्ज केले, विनवण्या केल्या, वकील थेट लंडनला पाठवले. हाती काही आलं नाही. ज्या इंग्रजांशी जमवून घेऊन ३५ वर्षं राज्य राखलं, त्यांनीच ते एका कागदावर संपवलं.

इथपर्यंतची बाकाबाई कुणाला गद्दार वाटणार नाही. उलट फसवली गेलेली म्हातारी राणी वाटेल. मग काळी मारबत कुठून आली?

१८५७: ती रात्र आणि तो निर्णय

खालसा झाल्याला तीन वर्षं होतात न होतात तोच मेरठ, दिल्ली, कानपूर पेटलं. नागपुरातही खदखद होतीच. राज्य गेलेलं, दरबारावर पोट असलेली हजारो माणसं बेकार झालेली, लिलावाची जखम ताजी.

१३ जून १८५७ च्या रात्री नागपुरातल्या घोडदळाने उठायचं ठरवलं होतं, असं गॅझेटियर सांगतं. मध्यरात्री शहरातून तीन आगीचे फुगे, म्हणजे कंदिलासारखे पेटते फुगे, आकाशात सोडायचे. ती खूण. फुगे दिसले की उठाव. पायदळाला सामील करून घ्यायला घोडदळातला एकजण गेला. पण तिथे तो पकडला गेला आणि बेत फुटला. इंग्रज सीताबर्डीच्या किल्ल्यावर जमा झाले. कामठीची मद्रासी फौज त्यांच्याच बाजूने राहिली. पुढे घोडदळातल्या देशी अधिकाऱ्यांना सीताबर्डीच्या किल्ल्यावर फाशी देण्यात आलं.

या सगळ्यात सगळ्यांचं लक्ष एका म्हाताऱ्या बाईकडे होतं. पंचाहत्तरीच्या आसपासच्या बाकाबाई. राज्य नव्हतं, सैन्य नव्हतं, पण शब्दाला वजन होतं. त्यांनी इशारा केला असता तर मराठी मुलूख उठला असता, असं खुद्द इंग्रजांनाच वाटत होतं.

बाकाबाईंनी इशारा केला नाही. उलट आपलं वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकलं. आपल्या माणसांना शांत राहायला लावलं. इंग्रजी गॅझेटियरने याचं कौतुक करून ठेवलं आहे.

का केलं त्यांनी असं?

त्यांच्या मनात काय होतं ते सांगणारा कागद आपल्यासमोर नाही. पण त्यांनी काय काय पाहिलं होतं ते माहीत आहे. १८०३ ला नवरा लढला आणि मोठा मुलूख गेला. १८१७ ला पुतण्या लढला आणि तो परागंदा झाला. १८१८ नंतर थांबून राहिलं तर राज्य परत मिळालं. एक दत्तक मुलगा अजून हक्काची वाट बघत होता. ज्या बाईने दोन युद्धं हरताना पाहिली, तिने तिसऱ्यावर पैज लावली नाही.

पण ही झाली वाड्यातली बाजू. शहरातली बाजूही तितकीच खरी. ज्यांच्या घरचा माणूस किल्ल्यावर लटकवला गेला, त्यांना वाड्यातल्या गणिताशी काय देणंघेणं? त्यांना एवढंच दिसलं की आपली माणसं फासावर गेली आणि आपली राणी फास आवळणाऱ्यांच्या बाजूने उभी राहिली. हा राग खोटा म्हणता येत नाही.

सप्टेंबर १८५८ मध्ये बाकाबाई वारल्या. त्यांच्या निष्ठेचं फळ घराण्याला पुढे मिळालं. यशवंतराव म्हणजेच जानोजी भोसले यांचं दत्तकविधान मान्य झालं, साताऱ्याकडच्या देऊर गावाच्या नावाने राजाबहादूर हा किताब मिळाला. राज्य मात्र परत मिळालं नाही. १८६१ मध्ये नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी झाली. आणि ज्या वाड्याला आग लावायची धमकी बाकाबाईंनी दिली होती, तो काळ्या दगडाचा, कोरीव लाकडाचा भोसल्यांचा वाडा १८६४ मध्ये खरंच आगीत गेला. नगारखाना तेवढा उरला.

राणीची मारबत कशी झाली?

आता तारखा बघा. बाकाबाई गेल्या १८५८ ला. काळ्या मारबतीची मिरवणूक सुरू झाली १८८१ ला आणि पिवळ्या मारबतीची १८८५ ला, असं मारबत काढणारी मंडळीच सांगतात. म्हणजे मध्ये २३ वर्षं गेली.

दुसरी गोष्ट, मारबत ही काही फक्त नागपूर शहराची नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावातली रोगराई, किडे, डास गावाबाहेर हाकलून देण्याची रीत पूर्व विदर्भात आणि लगतच्या भागात आहे. कुठे मारबत म्हणतात, कुठे नारबोद. पावसाळा अर्धा सरलेला असतो, शेतात कीड, घरात ताप. अशा वेळी पीडेला एक शरीर द्यायचं आणि शिवेबाहेर नेऊन सोडायचं. ही रीत शेतकऱ्यांची आहे, एखाद्या राणीपुरती मर्यादित नाही.

म्हणजे राक्षसीणीचा साचा गावोगाव होताच. नागपूरने त्यात एका राणीचं नाव ओतलं.

आणि नाव ओतताना गोष्टीत काही गडबडीही झाल्या. एक लोकप्रिय कथा अशी की बाकाबाईने इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि तिच्या नवऱ्याने तिला अडवलं नाही, म्हणून नवऱ्याचाही पुतळा काढायला लागले, तोच बडग्या. आता मघाशी ध्यानात ठेवायला सांगितलेली गोष्ट आठवा. बाकाबाईंचा नवरा १८१६ मध्येच वारला होता. १८५७ ला त्यांना अडवायला तो ४१ वर्षं उशीर झालेला होता. आणि हयातीत त्याने इंग्रजांशी युद्ध केलं होतं.

इंग्रजांशी तह करणारे अप्पासाहेब पुढे लढले, म्हणून इतिहासात लढवय्ये राहिले. किताब घेणारे जानोजी राजाबहादूर झाले. राज्य खालसा करणारा डलहौसी विलायतेला परत गेला. या सगळ्यांमध्ये पुतळा निघाला तो एका विधवा म्हातारीचा. लोकांच्या रागाला चेहरा लागतो आणि तो जवळच्या माणसाचा असला की राग जास्त चिकटतो, हे यातून दिसतं.

शिवाय १८८१ साली इंग्रजी अमलात इंग्रजांचा पुतळा जाळणं सोपं नव्हतं. मेलेल्या राणीचा जाळता येत होता. ज्यांना कळायचं त्यांना कळत होतं.

मिचिझाने आणि बाकाबाई

जपानमध्ये याची एक जुळी गोष्ट आहे, फक्त उलट्या दिशेने जाणारी. सुगावारा नो मिचिझाने हा नवव्या शतकातला विद्वान आणि दरबारी. राजकारणात त्याच्यावर आळ आला, ९०१ मध्ये त्याला दाझाइफूला हद्दपार केलं गेलं आणि ९०३ मध्ये तो तिथेच वारला. त्यानंतर राजधानीत रोगराई, दुष्काळ, विरोधकांचे मृत्यू. ९३० मध्ये राजवाड्यावर वीज कोसळली. लोक म्हणाले, हे मिचिझानेचं भूत. मग त्याला शांत करायला देऊळ बांधलं, देव केलं, तेनजिन नाव दिलं. आज जपानची पोरं परीक्षेआधी त्याच्या देवळात जाऊन पास होण्यासाठी नवस करतात.

अन्याय झालेला माणूस आधी भूत झाला आणि नंतर परीक्षेचा देव. आपल्याकडे राज्य गमावलेली, लिलाव पाहिलेली राणी मेल्यावर राक्षसीण झाली. दोन्हीकडे लोकांनी एकच काम केलं. जे सहन झालं नाही, त्याला एक चेहरा दिला, वर्षातून एकदा त्याची आठवण काढली आणि रोजचं जगणं पुढे चालू ठेवलं.

ॲनिमेतल्या योकाईंचं हेच तर गमक आहे. प्रत्येक विचित्र चेहऱ्यामागे एक जुनं दुखणं असतं. कथेचा नायक आधी घाबरतो, मग त्या योकाईची गोष्ट ऐकून घेतो. गोष्ट ऐकली म्हणून योकाई लगेच चांगला ठरत नाही, पण नुसता राक्षसही राहत नाही.

मारबत बंद करा असं कुणी म्हणत नाहीये. तो नागपूरचा जीव आहे. दीड शतकाच्या आसपास हे शहर हसत हसत आपल्या रागाची मिरवणूक काढतंय, राज्यकर्त्यांना रस्त्यावर उभं करून टोमणे मारतंय, अशी जागा फार कमी शहरांकडे आहे. आणि काळ्या मारबतीसोबत दरवर्षी जळते ती पीडा, रोगराई, महागाई. कुणा एका बाईचं आयुष्य त्यात जळत नाही.

पुढच्या पोळ्याला नागपुरात असाल तर इतवारीत नक्की जा. गर्दी असते, मोबाईल सांभाळा. काळी मारबत जवळून गेली की व्हिडिओ काढालच. तेव्हा शेजारच्याने बाकाबाई कोण म्हणून विचारलं, तर एका ओळीत उत्तर देऊ नका. सीताबर्डीची लढाई, दहा वर्षांचा राजा, हत्तींचा लिलाव आणि आकाशात कधी न चढलेले तीन पेटते फुगे, एवढं तरी सांगा. मिरवणूक लांब असते. तेवढा वेळ मिळतो.